भोक पाडावे काय?

कॉमर्सच्या पदवीधराने तत्त्वज्ञानाच्या वाटेस जाऊ नये, अशी आमच्या बँकेत समजूत आहे. नीतीचे प्रश्न आमच्याकडे ऑडिटर सोडवतो. तरीपण यंदा इंग्लंडात, एका गाडीत टॉर्च धरून उकिडवा बसलो असताना मला असल्या एका प्रश्नाने गाठलंच. (बँकेची एलएफसी परदेशाला चालत नाही. स्वखर्चाने गेलो होतो, हे सौ.च्या आग्रहास्तव नमूद करतो.)

गाडी माझ्या धाकट्या मेहुण्याची. १९७१ सालची फोक्सवॅगन कॅम्पर. म्हणजे चाकांवरचं बिऱ्हाड! बाकाचा पलंग होतो, शेगडी आहे, चिमुकली मोरीदेखील आहे. लग्नानंतरच्या आमच्या पहिल्या खोलीत एवढ्या सोयी नव्हत्या. तिकडे चाळिशी उलटलेल्या गाडीला रोड टॅक्स माफ होतो. चाळिशी मीही उलटली आहे; पण माझा इन्कम टॅक्स अजून नेमाने कापला जातो. असो.

मेहुण्याला या गाडीत स्टिरिओ बसवायचा होता. मला वाटलं, दोन वायरी जोडल्या की झालं. निघाल्या बऱ्याच. त्यातली पिवळी थेट बॅटरीवर, सदैव जागी. स्टिरिओचं घड्याळ आणि स्मरणशक्ती तिच्यावर चालते. लाल वायर किल्ली फिरवली तरच जिवंत. काळी गाडीच्या पत्र्याला. आळसाने लाल आणि पिवळी दोन्ही बॅटरीवर जोडल्या, तर किल्ली काढून घेतली तरी स्टिरिओ चालू राहू शकतो, आणि सकाळी गाडी ढकलायला शेजारी बोलवावे लागतात. त्यावर तोड म्हणजे दुसरी बॅटरी. इंजिन चालू असलं की दोन्ही भरायच्या. बंद झालं की मधला रिले त्यांची फारकत करतो. गाणं संपलं तरी गाडी सुरू होते. संसाराचं खातं वेगळं आणि चैनीचं वेगळं! हे मला एका झटक्यात पटलं. सौ.ला वीस वर्षांत पटलेलं नाही.

घोडं अडलं ते डॅशबोर्डापाशी. जुन्या रेडिओचा खण लहान. नव्या स्टिरिओला साधारण १८० बाय ५० मिलिमीटरची जागा लागते. हे माप पुढे जर्मनांनीच ठरवलं, पण त्यांच्याच या म्हाताऱ्या गाडीला कुणी विचारलं नव्हतं. आता कापायचं का? मेहुणा हातात कानस घेऊन दहा मिनिटं उभा राहिला. मुंज लावताना गुरुजीसुद्धा इतका वेळ घेत नाहीत.

"भावोजी, इंजिन दोनदा बदललंय, दारं बदललीत, रंग तर तिसऱ्यांदा दिलाय. मग एवढ्याशा भोकाला हात का होत नाही माझा?"

मिलिंद राजाला नागसेनाने हेच विचारलं होतं की चाक म्हणजे रथ का? आस म्हणजे रथ का? पण नागसेनाच्या हातात कानस नव्हती. बदललेला भाग पुन्हा बदलता येतो. कापलेलं मात्र कापलेलंच राहतं. आमच्या खतावणीत चुकीची नोंद खोडत नाहीत, उलटी नोंद करून फिरवतात. पत्र्याला उलटी नोंद नाही.

शेवटी त्याने कानस खाली ठेवली. नवा स्टिरिओ बाकाखालच्या कपाटात दडवायचा आणि खणात तो मेलेला रेडिओ, बटणांसकट, तसाच राहू द्यायचा.

"अरे, पण ही फसवणूक झाली," मी म्हणालो.

"कोणाची?"

टॉर्च माझ्या हातात होता म्हणून माझं तोंड त्याला दिसलं नाही.

कारण घरी, पुण्यात, बाबांचा व्हॉल्व्हचा रेडिओ आहे. म्हणजे होता. तीन वर्षांपूर्वी तो मुका झाला, व्हॉल्व्ह मिळेनात. ते गावाला गेले असताना मी तो पोटातून रिकामा केला, आतलं सामान भंगारात दिलं आणि तिथे ब्लूटूथचा स्पीकर बसवला. बाबा परत आले. संध्याकाळी सातला नेहमीसारखं बटण फिरवून, रेडिओ तापायची वाट बघत खुर्चीत बसले. ते बटण आता कशालाच जोडलेलं नव्हतं. सांगायला मी तोंड उघडलं, आणि मिटून मोबाइलवरून नाट्यगीत लावलं. "दुरुस्त झाला वाटतं," बाबा म्हणाले. तेव्हापासून रोज सातला ते बटण फिरवतात आणि मी स्वयंपाकघरातून रेडिओ तापवतो. उशीर झालाच तर बँकेतून रिक्षाने येतो.

इकडे मेहुण्याने काळी वायर रंगाच्या थरावरच आवळली होती, त्यामुळे मागचं इंजिन गाण्यात आपला सूर मिसळत होतं. पत्रा खरवडून पुन्हा आवळली, तेव्हा कुठे गाणं निर्मळ झालं. दुपारचे अडीच वाजले होते. म्हणजे पुण्यात सात. मी धाकट्या भावाला फोन लावला.

"बाबा कसे आहेत?"

"रेडिओपुढे बसलेत. बटण फिरवून झालंय." मग त्याने फोन बाबांकडे दिला.

"काय रे, तापत नाही का?" मी विचारलं.

"नाही," बाबा म्हणाले. "तू आलास की तापेल. घाई करू नकोस. आणि येताना रिक्षाने येत जाऊ नकोस रोज. साडेसातला ऐकलं तरी चालतं मला."