तांब्याची तार आधी काढ!

फोनवर तू काय म्हणालास? ‘सर, तिरुक्करुगावूरला हेडलाइटचा फ्यूज उडाला, पण चालवून घेतलं.’ चालवून घेतलंस? आधी दहाचा लाल फ्यूज उडाला, मग तू विसाचा पिवळा ठोकलास, तोही उडाला, तर त्याच्यावर तांब्याची तार गुंडाळलीस! अरे, दोन फ्यूज जीव देऊन सांगत होते की वायर कुठेतरी बॉडीला लागली आहे. तू त्यांचं तोंडच बंद केलंस.

गाडीत कोण बसलंय, याचं तरी भान ठेवायचं. तिथल्या गर्भरक्षांबिकेच्या दर्शनाला लोक सुखरूप बाळंतपण मागायला येतात, पोटाला लावायला देवीपुढचं एरंडेल घेऊन जातात. तुझ्या मागच्या सीटवर सात महिन्यांची पोटुशी बाई आहे, आणि तिच्या पायांखालच्या पत्र्यालगत तू विनाफ्यूजची वायर सोडलीस. दहाच्या जागी वीस अँपिअर वाहिले की वायर चौपट तापते. तुझ्या त्या तारेला तर मर्यादाच नाही. आधी कव्हर वितळणार, मग शेजारच्या वायरचं, तिथून आग.

आणि दुरुस्ती म्हणून केलंस काय? बल्ब बदललास, स्विच बदललास, यात्रेकरूंचे पैसे घालवलेस. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी! एका हेडलाइटचा बल्ब साठ वॉटचा. बारा व्होल्टवर तो पाचच अँपिअर ओढतो. तेवढ्याने दहाचा फ्यूज उडत नाही. हा हिशेब वर्गात फळ्यावर केला होता. खिशात मोबाइल असतो, मल्टिमीटर का नसतो?

आता ऐक. त्या कुटुंबाला दुसऱ्या टॅक्सीने कुंभकोणमला पोहोचव, भाडं तू भर. मग बॅटरीची निगेटिव्ह काढ आणि ती तार उपटून फेक. फ्यूजच्या जागी एकवीस वॉटचा इंडिकेटरचा बल्ब जोड, हेडलाइटचा कपलर सोडव, निगेटिव्ह परत लाव, हेडलाइटचा स्विच दे. बल्ब लख्ख पेटला म्हणजे शॉर्ट अजून आहे. आता घाई न करता वायरची जुडी हाताने हलवत जा: बॅटरीजवळ, मडगार्डच्या आत, पत्र्याच्या भोकापाशी. भोकातलं रबर निसटलं की पत्र्याची धार वायर कापते, बहुतेक वेळा चोर तिथेच सापडतो. त्या भागात चहूकडे भातशेती, उंदरांचे दातही बघ. जिथे हात लावल्यावर बल्ब विझेल, तिथली जुडी वीतभर दोन्हीकडे उघड. शेजारची वायर भाजली असेल तर तीही बदल.

आणि खबरदार, पिळा देऊन नुसता टेप मारलास तर! त्या उन्हात टेपचा डिंक सुटतो, ओल शिरते, तांबं हिरवं पडतं. नवा तुकडा त्याच जाडीचा घे, सोल्डर कर, वर हीट-श्रिंक स्लीव्ह चढव, भोकात रबर बसव, मगच दहाचा फ्यूज घाल.

हॉर्न वाजवला की लाइट मंदावतो, असंही म्हणालास. ते अर्थचं दुखणं, त्यात बॅटरी बदलायला धावू नकोस. लाइट चालू ठेवून मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरी हेडलाइटच्या अर्थला लाव. ०.२ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थचा बोल्ट सोड, पत्रा चकचकीत घास, घट्ट आवळ.

कुठल्या जागी बल्ब विझला, तिथला फोटो मला पाठव. तो पाहिल्याशिवाय गाडीत एकही माणूस बसवायचा नाही.