चोर बीटीचा दशांश

उपासना आटोपून आम्ही घरी चहाला बसलो, तरी भाचा बोलेना. त्याचं अकोट तालुक्यात कृषी केंद्र आहे. मृग तोंडावर आलेला असताना बियाण्याचा दुकानदार अमरावतीला मामाकडे येतो, तो काही चहासाठी नव्हे.

"मामा, आज पाळकांनी रोमकरांस पत्राचा तेरावा अध्याय घेतला. मले वाटलं, माह्याकडेच पाहून बोलून राह्यले."

"अधिकाऱ्यांच्या अधीन राहा, यात तुला झोंबण्यासारखं काय?"

"चोर बीटी."

म्हणजे एचटीबीटी कपाशी. तणनाशक फवारलं की गवत जळतं, पऱ्हाटी उभी राहते. सरकारची मान्यता नाही. १९८६ च्या पर्यावरण संरक्षण कायद्याखाली २०२४ च्या आधी पाच वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकत होता. तरी ते गावोगाव मिळतं. लोकांनी त्याला दिलेलं नाव मात्र रोखठोक आहे.

"काल आपल्याच मंडळीतला एक भाऊ आला. तीन एकर कोरडवाहू. पावसाची झड लागली का डवरा चालत नाई, निंदाले बाया भेटत नाईत. म्हने, तू नाई देशील तर दुसऱ्याकडून घेईन, अन् तो मले भलतंच देईन. मंग मी शास्त्र पाह्यलं. शब्बाथाच्या दिवशी शिष्यांनी कणसं मोडली का नाई? परूशी नियम घेऊन बसले, येशूनं भुकेची बाजू घेतली."

चाळीस वर्षं संडे स्कूल घेतलं की असं उत्तर एक दिवस आपल्याच अंगावर येतं. बरं वाटतं, आणि थोडा रागही येतो.

"हाव, मोडली. पण उजेडात मोडली, परूश्यांच्या डोळ्यांदेखत. तुझ्याच तालुक्यात, अकोली जहांगीरला, १० जून २०१९ ला शेतकरी संघटनेनं हेच बियाणं आधी जाहीर करून पेरलं. गुन्हे अंगावर घेतले. त्यांचं म्हणणं पटो न पटो, त्याला मी सद्सद्विवेकाचं काम म्हणीन. तेरावा अध्याय लिहिणारा पौल स्वतः तुरुंगात गेला होता. तू पाकीट काउंटरखालून देणार. बिल देशील?"

"बिल कसं देऊ?"

"मग उगवलंच नाही तर तो भाऊ कोणता कागद घेऊन तक्रारीला जाईल? भूक त्याची, जोखीम त्याची, नफा तुझा. कणसं मोडणाऱ्या शिष्यांनी कणसं विकली नव्हती."

तो गप्प झाला. मला वाटलं, जिंकलो.

"बरं, नाई देत. पन बेन्याची गोष्ट तिथं संपत नाई. तुमी शेजारी शेजारी म्हनता, तो कोन? त्या भावाचा खर्च वाचला तर निंदाले जानाऱ्या बायांची मजुरी जाते. त्याही आपल्याच मंडळीतल्या. शोमरोनी माणसाले वाटेत एकच जखमी भेटला होता, मामा. मले दोन भेटले."

माझ्याकडे उत्तर नव्हतं, म्हणून मी लेवीय काढलं. शिक्षक असंच करतात. शेताच्या कडेपर्यंत कापू नका, सरवा गरिबाला सोडा, असा नियम एकोणिसाव्या अध्यायात आहे. रूथ त्याच सरव्यावर जगली. "गरिबाचा वाटा तिथं दयेवर सोडलेला नाही, शेताच्या नियमातच घातलाय. हे तणनाशक मात्र धुऱ्यापासून धुऱ्यापर्यंत जातं. बाईसाठी काही उरतच नाही."

"म्हनजे बायांले काम भेटावं म्हनून त्यानं गवत राखाचं? वाकून वाकून निंदनं हे काय वरदान हाय? माह्या मायनं केलं हाय ते."

त्याची माय म्हणजे माझी थोरली बहीण. तिच्या खुरप्यावर माझं डी.एड. झालं. शेवटी शेवटी तिला कंबर सरळ करता येत नसे, आणि मी तिला देवळात पहिल्या बाकावर बसवून लोकांना त्यागाची गोष्ट सांगत असे. आता लेवीय मिटून ठेवण्याखेरीज मला काही सुचलं नाही.

बराच वेळ कोणी बोललं नाही. मग त्यानंच विचारलं, अगदी सहज, "मामा, अंजनगावकडचं तुमचं चार एकर मक्त्यानं देलं हाय ना? मागच्या साली त्यानं कोनतं बेनं लावलं होतं?"

मी विचारलं नव्हतं. भर श्रावणात रान कसं लख्ख ठेवलंय म्हणून त्याचं कौतुक मात्र केलं होतं. मक्त्याचे पैसे आले, त्यांचा दशांश मी मोजून दिला होता. बिल मीही मागितलं नव्हतं.

"माह्या दुकानातलं नव्हतं," तो म्हणाला. त्याला मला सोडवायचं होतं की स्वतःला, कळलं नाही.

यंदाच्या मक्त्याची अर्धी रक्कम गेल्याच आठवड्यात आली होती. तिच्या दशांशाचं पाकीट बायबलमध्ये तसंच होतं. सकाळी दानाची थैली फिरली तेव्हा मला वाटलं होतं, आपण ते द्यायला विसरलो.

भाच्यानं चपला घातल्या. "अजून पेरलं नसंन त्यानं. फोन लावून पाहा."

"आणि काय सांगू? निंदणाचा खर्च कोण देईल म्हणाला तर?"

"थेच तर मी तुमाले इचाराले आलो होतो," तो म्हणाला, आणि दारातच थांबला.