खोली एकट्याची की सोबतीची?

अंधेरीच्या कॉलेजात शिकणारी काही मुलं परवडणारी खोली शोधत मढपर्यंत येतात. वर्सोव्याहून बोटीने खाडी ओलांडली की काही मिनिटांत मढ. बोट चुकली तर मालाडवरून केवढा तरी वळसा. अशा रात्री उशिरा परतणाऱ्याची वाट पाहणारं खोलीत कुणी असावं, असं मला मनापासून वाटतं. ताप आला तर पेज करून देणारंही.

पूर्वी मुंबईच्या गिरणगावात एकेका खोलीत गावाकडची कितीतरी माणसं राहत. गिरणीतली पाळी बदलली की झोपणारे बदलत, जेवण खानावळीत. त्या सोबतीवरच त्यांनी मुंबईत पाय रोवले. अभ्यासाला मात्र शांतता हवी. परळच्या एकाच खोलीत बाबासाहेब आंबेडकरांचे वडील रामजी सुभेदार रात्री दोनपर्यंत जागत, मग लहान भीमरावांना, म्हणजे बाबासाहेबांना, उठवून अभ्यासाला बसवत आणि स्वतः आडवे होत.

तेव्हा सोबत राहा, पण आधी बोलून घ्या: अभ्यासाची वेळ, भाड्याचा वाटा, अनामत कुणाची किती. करारात सगळ्यांची नावं असू द्या. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याप्रमाणे तो लेखी आणि नोंदणीकृत लागतो, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची असते. नोंदणीचं विचारायला संकोच नको.