भोवत्या, चंडोल आणि सासूबाईंची झाडे

सासूबाईंच्या वर्षश्राद्धाला आमच्याकडे पिंडदान वगैरे काही नसते. दिगंबर जैनांचे घर. पूजा होते आणि दान होते. दान कशाचे, एवढाच प्रश्न असतो. थोरल्या जाऊबाईंनी, म्हणजे आमच्या अक्कांनी, तो आधीच सोडवून ठेवला होता. नान्नजच्या अलीकडे एका स्नेह्यांचा माळ पडून आहे, तिथे सासूबाईंच्या नावाने झाडे लावायची. जागेचे बोलणे झाले होते, टँकर दीर देणार होते, पाटीवरचा मजकूरसुद्धा ठरला होता. "झाडाइतकं निर्मळ दान दुसरं नाही," अक्का म्हणाल्या.

"अक्का, त्या माळावर झाडं नकोत," मी म्हटले.

दिरांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिले. जन्मभर सोलापुरात वनस्पतिशास्त्र शिकवलेल्या सुनेने झाडाला नाही म्हणावे, हे त्यांच्या हिशेबात बसेना. मला तरी ते एका वाक्यात कुठे सांगता येत होते! म्हणून मी अक्कांना म्हटले, आधी माझ्याबरोबर एकदा माळावर चला.

नान्नज सोलापूरहून बार्शी रस्त्याने वीसेक किलोमीटर. सत्तरच्या दशकात अवर्षणप्रवण क्षेत्र कार्यक्रमाखाली तिथले चराईने उघडेबोडके झालेले काही तुकडे वनखात्याने राखले. शेळ्यामेंढ्यांचे तोंड थांबल्यावर गवत आपले आपण परतले, आणि गवताबरोबर माळढोक दिसू लागला. १९७९ मध्ये अभयारण्य जाहीर झाले, ते ८,४९६ चौरस किलोमीटरचे. गावे, शेते, कचेऱ्या सगळे त्यात. पुढे ते छाटून सव्वाबाराशेच्या आसपास आणले. माळढोक मात्र त्याच्याही आधीपासून कमी होत गेला. आता नान्नजला त्याची नोंद झालीच तर एखादी, तुरळक. देशभरात मिळून दीडशेसुद्धा उरले नसावेत, आणि जे आहेत ते बहुतेक राजस्थानात.

तेव्हा हिवाळ्यात तिथे जाते ती माळढोकासाठी नाही. जाते भोवत्या या शिकारी पक्ष्यासाठी. मध्य आशियातल्या गवताळ मैदानांवर थंडीची चाहूल लागली की माँटेग्यूचा भोवत्या आणि पांढुरका भोवत्या आपल्याकडे येतात. डिसेंबर-जानेवारीत माळ पिकलेला असतो. मारवेल वाळून तांबूस, पवना कमरेला टेकणारा, कुसळीची कुसळे साडीच्या काठातून आत शिरतात आणि घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी टोचतात. गवताच्या शेंड्यावर गप्पीदास बसलेला असतो, धाविक चार पावले धावतो आणि थबकतो, माळटिटवी उगाच तक्रार करते. पलीकडे रानात मालदांडी ज्वारी हुरड्याला आलेली. या सगळ्यावरून भोवत्या हात-दोन हातांच्या उंचीवर पंख किंचित वर धरून जातो. नर राखाडी, पंखांची टोके शाईत बुडवल्यासारखी काळी. त्याचा चेहरा जरा घुबडासारखा गोल असतो, त्यामुळे गवतातली खसफस त्याला कानाने लागते. तो नुसते बघत नाही, ऐकत उडतो.

मी रात्री जेवत नाही. सूर्य मावळायच्या आत डबा संपवावा लागतो, आणि भोवत्ये गवतात जमिनीवर मुक्कामाला उतरतात तेही नेमके त्याच वेळी. म्हणून पाचच्या सुमाराला माळावरच्या निरीक्षण मनोऱ्याच्या पायथ्याशी मी भाकरी सोडते. तिथल्या राखणदार मामांना त्याची गंमत वाटते. "बाई, ही पाखरं बी तुमच्यातलीच की ओ. दिस मावळायच्या आत जेवून मोकळी."

"काय जेवतात ते पण बघा मामा," मी म्हणते.

अक्का आल्या त्या दिवशी त्यांनाही ते दिसले. एक मादी रेंगाळत येत होती. मध्येच तिने अंग उलटे टाकले, गवतात पडली आणि उठली तेव्हा पंज्यात चंडोल होता. तो अजून हलत होता. ती थोड्या अंतरावर बसून त्याची पिसे काढू लागली. माझी दुर्बीण अक्कांच्या हातात होती. त्यांनी ती खाली ठेवली आणि विचारले, "हे बघायला तू येतेस?"

एवढा नेमका प्रश्न मला आजवर कोणी पक्षिनिरीक्षकाने विचारलेला नाही. त्यांना तो पडतच नाही. ते म्हणतात, अन्नसाखळी. शब्द बरोबर आहे, मीही वर्गात फळ्यावर तो काढलाय, पण ते काही अक्कांच्या प्रश्नाचे उत्तर नव्हे. त्या विचारत होत्या ते वेगळेच. आपल्या शास्त्रात पाप तीन वाटांनी लागते: स्वतः केल्याने, करवून घेतल्याने आणि दुसऱ्याने केलेल्याला मनातून दाद दिल्याने. अनुमोदनेचे पाप आपण सहसा विसरतो, कारण ते कुणाला दिसत नाही. मी मारत नाही, मारायला लावत नाही. पण भल्या पहाटे उठून, शालीत गुंडाळून, मी ते पाहायला जाते. मग?

दिल्लीत लाल किल्ल्यासमोर दिगंबर जैन लाल मंदिराच्या आवारात पक्ष्यांचे धर्मादाय रुग्णालय आहे. तिथे कबुतरे, पोपट, चिमण्या यांना आत खाटा मिळतात. घार-ससाण्यांवर उपचार होतात, पण बाहेरच्या बाहेर. मांसाहारी म्हणून त्यांना आत ठेवून घेत नाहीत. मला या व्यवस्थेचे हसू येत नाही. पट्टी बांधणाऱ्या हाताने घारीला नाकारले नाही, एवढे तिच्यात आहेच. पण तिला आतल्या खाटेवर न घेण्यात आपली अडचण जशीच्या तशी उभी आहे: सर्व जीवांवर दया करायची, तर मारल्याशिवाय जो जगूच शकत नाही त्याचे काय करायचे?

लहानपणी सिंहाची गोष्ट ऐकली होती. महावीरांचा जीव एका पूर्वभवात सिंह होता. त्याला दोन मुनी भेटले, त्यांनी बोध केला, सिंहाने मांस सोडले आणि अन्नाविना देह ठेवला. अक्कांनी परतीच्या वाटेवर तीच गोष्ट काढली. मी म्हटले, ती गोष्ट महावीरांच्या जीवाची आहे, जगातल्या झाडून सगळ्या सिंहांना काढलेले फर्मान नव्हे. मुनी उपदेश करून निघून गेले. त्यांनी बाकीच्या सिंहांना डाळ-तांदूळ घालायची सोय केली नाही.

दुसरे म्हणजे, आमच्या दर्शनात जगाला कर्ता नाही. भोवत्याला असा का केलास, असा जाब विचारायला कुणीच नाही, त्यामुळे देवाची बाजू सावरून धरण्याचे कामही आमच्यावर पडत नाही. चंडोल मेला, त्याचा जाब मी भोवत्याकडे मागायचा नाही. उमास्वामींनी तत्त्वार्थसूत्रात हिंसेची व्याख्या करताना प्रमादाला, म्हणजे बेसावधपणाला, आधी जागा दिली, प्राण जाण्याला नंतर. अमृतचंद्राचार्य त्याच्याही पुढे जातात: मनात राग-द्वेष उपजला, तिथेच हिंसा झाली. म्हणजे चौकशी व्हायची ती दुर्बिणीच्या अलीकडच्या बाजूची.

अलीकडे काय आहे ते मी सांगते. चंडोल निसटला की मला बरे वाटते. भोवत्या सकाळभर रिकामा फिरला की त्याचेही वाईट वाटते. आणि यंदा पांढुरका दिसला, गेल्या वर्षी दिसला नव्हता, याचा एक चढेल आनंद असतो. आम्हा पक्षिनिरीक्षकांच्या याद्या हा शुद्ध परिग्रह आहे. फोटोवाल्यांचा तर विचारूच नका. एका फ्रेमसाठी गवतात गाडी घालणारे मी पाहिले आहेत, आणि त्यांच्या चाकाखाली काय गेले हे त्यांनी खाली वाकून पाहिलेले नाही. तेव्हा अक्कांच्या प्रश्नाला माझे उत्तर हे: हो, काही पाप लागत असेल. पण ते चंडोलाच्या मरणाचे नाही, माझ्या चवीचे आहे, आणि ते कमी करायचे तर मला माझी चव आवरली पाहिजे. भोवत्याला सुधारायला निघून भागणार नाही.

इथूनच मी सासूबाईंच्या झाडांकडे आले. अक्कांना वाटले, मी विषय बदलला.

झाड लावणे निर्मळ असते, हे मुळात खरे नाही. शास्त्रात गृहस्थाच्या हिंसेचे चार प्रकार सांगितले आहेत: संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी. खड्डा खणणे हा आरंभच. मुरमाड माळावर खड्डे घ्यायचे म्हणजे जेसीबी आला; पृथ्वीकायिक जीव, गवताची वर्षानुवर्षांची मुळे, त्यातले किडे, सगळे उपटले गेले. आणि हे कधी करायचे? पावसाळ्यात. आपल्या राज्यातल्या वृक्षलागवडीच्या मोठ्या मोहिमा आठवा. २०१६ च्या १ जुलैला २ कोटी, आणि २०१९ च्या पावसाळ्यात ३३ कोटींचे लक्ष्य. त्याच महिन्यांत चंडोल जमिनीवर अंडी घालतो. माळढोकाची मादीही त्याच दिवसांत उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडे घालते. आपले मुनी या चार महिन्यांत विहार थांबवतात, कारण जमिनीवर जीव उगवलेला असतो आणि पाऊल कुठे टाकावे ते कळत नाही. चातुर्मासात मुनी एका जागी बसणार, आणि त्यांचे श्रावक पुण्यासाठी कुदळी घेऊन माळावर जाणार! हे मला पटत नाही.

झाड उभे राहिल्यावरची गोष्ट आणखी वेगळी. राखलेल्या तुकड्यांतच पूर्वी गिरिपुष्प, सुबाभूळ, कडुनिंब लावले गेले. हेतू चांगलाच होता. पण झाडावर कावळ्याला बसायला जागा मिळते, तिथून त्याला खालची अंडी दिसतात. दूरवरचे पाहून सावध होणाऱ्या पक्ष्याची दृष्टी अडते. सावलीतले गवत विरळ होते. माळरानांवरची अशी लागवड काढून टाकावी, असे असद रहमानींसारखे अभ्यासक बरीच वर्षे सांगत आले आहेत.

यावर अक्का म्हणाल्या, "म्हणजे उभं झाड तोडायचं? ती हिंसा नाही?"

आहे. ती नाही म्हणणारी मी कोण? वनस्पती एकेंद्रिय असली तरी जीवच आहे. पण खड्डा खणला तेव्हाच आपण त्या हिंसेचा पहिला हप्ता भरला होता; पुढचे सगळे त्यातूनच निघाले. टँकर, कुंपण, तण काढणे, मग ते झाड तिथले नाही म्हणून तोडणे. आपला हात एकदा आत घातला की तो काढता येत नाही. म्हणून तोडण्यापेक्षा न लावणे सोपे, आणि पुण्याच्या भाषेत बोलायचे तर मोठे. माळाला आपल्याकडून हवे आहे ते एवढेच, की पावसाळ्यात शेळ्या लांब ठेवा आणि आम्हाला आमचे राहू द्या. अपरिग्रहाचा मला कळलेला अर्थ हा आहे. जमीन मोकळी दिसली की तिच्यावर आपल्या माणसाच्या नावाची पाटी लावावीशी वाटते. ती ओढ म्हणजे परिग्रहच, झाडाच्या वेषात आलेला.

माळ म्हणजे जंगल तोडून झालेली उजाड जागा, ही समजूत तर सोडूनच दिली पाहिजे. सरकारी नकाशे त्याला पडीक म्हणतात. दिग्विजय पाटील आणि आशिष नेर्लेकर यांनी २०२५ मध्ये एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. त्यांनी तेराव्या शतकापासूनच्या मराठी ओव्या, चरित्रे, लोककथांमधली झाडे तपासली. पश्चिम महाराष्ट्राचा हा कोरडा मुलूख तेव्हाही विरळ झाडांचा, गवताचाच होता असे त्यातून दिसते. मला त्यासाठी लांब जावे लागत नाही. आमच्याच जिल्ह्यात पंढरपूरला, विठ्ठलाच्या देवळात, कान्होपात्रेच्या जागी पूजा होते ती तरटीच्या झाडाची. तरटी हे काटेरी, कोरड्या उघड्या रानातले झुडूप. कान्होपात्रा मंगळवेढ्याची, त्या बाजूचा माळ तिच्या ओळखीचाच असणार. संतांच्या गोतावळ्यात माळाला असे स्थान आहे, आपण मात्र त्याला पडीक ठरवले.

अक्कांना हे सगळे पटले असे मी म्हणणार नाही. त्यांचे म्हणणे असे, की माझे तर्क वकिली आहेत आणि सासूबाईंना झाडे आवडायची. दोन्ही खरे आहे. शेवटी निर्णय झाला तो धर्मावर नाही, दिरांच्या व्यापारी प्रश्नावर: "टँकर किती वर्षं घालायचा?" मी म्हटले, जगवायचे असेल तोवर. ते गप्प झाले. झाडे लावली गेली ती सोलापुरात, एका शाळेच्या आवारात. तिथे उन्हाळ्यात पोरे पत्र्याखाली डबा खात होती. पाटी लागली आहे. अक्का पाणी घालायला जातात.

तुम्ही या थंडीत नान्नजला याल तर जाड मोजे घाला, कुसळे फार लागतात. पायवाट सोडून गवतात शिरू नका, मोबाइलवर पक्ष्यांचे आवाज वाजवू नका, गाडी रस्त्यावरच ठेवा. संध्याकाळी थांबा, भोवत्ये उतरताना दिसतील. आणि कुणाच्या स्मरणार्थ रोप घेऊन आला असाल तर ते गाडीतच राहू द्या आणि घरी नेऊन आपल्या दारात लावा.