हौसेचं मोल
तळेऱ्याचा आमचा भाचा रात्री जागून फायरफॉक्सचं मराठी करतो. २००४ साली निघालेला हा ब्राउझर फुकट, आणि भाच्याची मेहनतही फुकट! प्रोग्राम लिहिणाऱ्यांतल्या काहींना पगार असतो, ह्याला आभार. म्हटलं, "पैसे माग की!"

"मामा, हौसेचा मोल केला तर हौस खंय रवतली?"

मी गप्प. पण सप्ताहात बुवांना शाल, नारळ, मानधन. हौस त्यांनाही असतेच. मांडव झाडणाऱ्या, चहा करणाऱ्या मावशींना मात्र "घरचंच कार्य तुमचं!" हे म्हणणारे बहुधा चहा पिणारेच असतात. (मी दोन कप घेतो.)

यंदा धीर करून मावशींच्या हातात पाकीट ठेवलं. त्यांनी तिथंच उघडून पैसे मोजले आणि विचारलं, "आनि गेल्या वर्साचे?"