शाळिग्रामाचा ठावठिकाणा

गेल्या चातुर्मासात मंदिराच्या ओवरीत एक प्रसंग घडला. प्रसंग लहानसाच, परंतु त्यातून निघालेला प्रश्न आम्हांस अद्यापि सोडीत नाही, म्हणून तो वाचकांपुढे ठेवीत आहोत.

आपल्या सभासद कुटुंबांपैकी एका घरच्या वृद्ध आजी निवर्तल्या. मुलगे दूरदूरच्या शहरांत. नित्यपूजा चालविणारे घरात कोणी उरले नाही. तेव्हा रीतीप्रमाणे घरचे देव मंदिरात आणून द्यावयाचे ठरले. अन्नपूर्णा, बाळकृष्ण, खंडोबाचा टाक आणि एक शाळिग्राम असे देव तांब्याच्या डब्यात कापसावर ठेवून थोरल्या चिरंजीवांनी आमच्या वडिलांच्या स्वाधीन केले. त्यांच्या समवेत त्यांची पुतणी आली होती. ती भूशास्त्राची विद्यार्थिनी. तिने सर्व देवांस नमस्कार केला आणि शाळिग्राम तेवढा आपणांस मिळावा अशी विनंती केली. निरनिराळ्या युगांतील जीवाश्म व खनिजे यांचा आपण संग्रह करीत आहोत. त्यात हा जीव नाही. शिवाय तो आजीच्या हातचा, म्हणून जिवापाड जपेन, असे ती म्हणाली. काका संतापले. "देवाला टेबलाच्या खणात चिठ्ठी लावून ठेवणार काय? आज खणात ठेवशील, उद्या करवतीने चिरशील!" पुतणी रडवेली झाली, पण तिने विनंती मागे घेतली नाही. दोघांनीही वडिलांकडे पाहिले.

शाळिग्रामाची जागा ताम्हनात की संग्रहाच्या खणात, हा तो प्रश्न. वरवर पाहता याचे उत्तर पुजाऱ्याच्या मुलाने चटकन द्यावे. आम्हांस ते देता आले नाही.

प्रथम शाळिग्राम म्हणजे काय ते पाहू. नेपाळात मुस्तांग प्रदेशातून कालीगंडकी वाहते. तिच्या वरच्या खोऱ्यात काळ्या, पापुद्रे सुटणाऱ्या खडकाचे थर आहेत. भूशास्त्रज्ञ त्यांस स्पिती शेल म्हणतात. हे थर सुमारे १५ कोटी वर्षांपूर्वी टेथिस नावाच्या समुद्राच्या तळाशी साचले. त्या समुद्रात अमोनाइट या जातीचे शंखधारी प्राणी पोहत असत. कोकणात ज्याला माकूल म्हणतात, त्याच्याच गोत्रातले हे प्राणी. मेल्यावर ते गाळात रुतले, त्यांच्याभोवती गाळ घट्ट होऊन गोटे बनले. पुढे भारतभूमी उत्तरेकडे सरकत जाऊन आशियाला भिडली, समुद्र आटला आणि त्याचा तळ हिमालय होऊन वर आला. मुक्तिनाथाचे देऊळ समुद्रसपाटीपासून सुमारे ३,७०० मीटर उंचीवर आहे, आणि त्या परिसरातील गोट्यांत समुद्राचे जीव आहेत. नदी थर कोरते, गोटे घासते, आणि आपण म्हणतो देव सापडला.

या प्राण्याच्या घराची रचना मोठी विलक्षण. प्राणी वाढला की शंखाच्या तोंडाशी पुढे सरके आणि पाठीमागे एक पडदा बांधून घेई. राही तो सर्वांत बाहेरच्या खोलीत; मागच्या बंद खोल्यांत वायू भरलेला असे, त्यामुळे पाण्यात तरंगता येई. शाळिग्रामाच्या मुखातून दिसणाऱ्या चक्रावर ज्या आडव्या रेषा असतात, त्या बहुधा शंखाच्या बाहेरील कंगोऱ्यांच्या. कित्येक शाळिग्रामांत सोनेरी झाक असते. ती लोह आणि गंधक यांच्या माक्षिक नामक खनिजाची. हा सारा वंश सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी, महाकाय सरडे नाहीसे झाले त्याच सुमारास, पृथ्वीवरून समूळ गेला.

हे कळल्यावर भक्ती उणावते काय? आम्हांस तसे वाटत नाही. वज्रकीट नावाचा जीव दगड पोखरून आत चक्रे कोरतो, असे पुराणकारांनी सांगितले. म्हणजे या पाषाणात एका जीवाची करणी आहे हे त्यांच्याही नजरेतून सुटले नव्हते. कीटक कोणता आणि काळ किती, एवढेच नवे कळले. इतर देशांतही हेच घडले. या प्राण्याचे अमोनाइट हे नावच मुळी मिसर देशातील अमोन देवाच्या एडक्यासारख्या शिंगांवरून पडले. इंग्लंडात व्हिटबी गावी हे दगड सापडतात, तेथे ते एका साध्वीने शिळा केलेले साप मानले जात. आणि साप म्हटला की डोके हवे, म्हणून कारागीर दगडावर डोके कोरून ते विकीत. आपण निदान देवाला डोके बसवीत नाही!

किंबहुना ज्यांच्या घरी पंचायतन आहे त्यांनी ताम्हनाकडे एकवार निराळ्या दृष्टीने पाहावे. विष्णूसाठी गंडकीचा शाळिग्राम, शिवासाठी नर्मदेचा बाण, गणपतीसाठी शोण नदीतला तांबडा पाषाण, देवीसाठी धातूची चमक असलेला सुवर्णमुखी, सूर्यासाठी स्फटिक. एक जीवाश्म आणि चार पाषाण, तेही भारतवर्षाच्या चार दिशांकडून आणलेले. संग्राहक म्हणतो तो संग्रह याहून निराळा काय असतो? म्हणून मुलीच्या मागणीत काही विपरीत होते असे आम्ही म्हणणार नाही. तिच्या आजीने जे ताम्हनात ठेवले तेच ती खणात ठेवू इच्छीत होती.

परंतु काकांची भीतीही पोकळ नव्हती. करवतीचे भय खरे आहे. गोटा फोडल्याविना आतील जीव बहुधा पुरता दिसत नाही, आणि शास्त्राला तो पाहावयाचाच असतो. येथे हिंसा कोणाची होते? प्राण्याची तर नव्हे; तो १५ कोटी वर्षांपूर्वीच गेला. आमच्या मते येथे हानी होते ती पुन्हा कधीही न घडणाऱ्या वस्तूची. नदीने घासून जे मुख जेवढे उघडले, तेवढेच पाहून राहणे हा एक संयम आहे. एक गोटा फोडून दहा न फोडलेल्यांविषयी ज्ञान मिळविणे हाही, विचारपूर्वक केल्यास, संयमच. कोणता फोडावा एवढाच विवेक उरतो. ज्यावर पाच पिढ्यांनी तुळस वाहिली तो खचित नव्हे, आणि मुलीनेही तेच सांगितले. "हा मी चिरणार नाही. चिरायला शेतांत, ओढ्यांत पुष्कळ आहेत. मला याचे फक्त नाव-गाव लिहायचे आहे."

नाव-गाव! वादाचा रोख बदलला तो या शब्दापाशी. तिने विचारले, "हा आपल्या घरी कोठून आला?" काका म्हणाले, आजोबा मुक्तिनाथाच्या यात्रेस गेले होते तेव्हा त्यांनी आणला. मग थोडे थांबून म्हणाले, नव्हे, यात्रेस पणजोबा गेले असावेत. की ग्वाल्हेरच्या आत्याच्या सासरहून तो आला? देवाचे मोल करू नये असा संकेत असल्याने तो विकत घेतलेला नसावा एवढे मात्र ते खात्रीने बोलले. ज्या देवासाठी ते भांडत होते त्याचा ठावठिकाणा त्यांस ठाऊक नव्हता.

संग्राहकांचा पहिला नियम, असे त्या मुलीने आम्हांस सांगितले, तो हा की दगड उचलण्याआधी तो कोठे पडला आहे ते लिहावे. गाव, ओढा, थर, खोली, दिवस, उचलणाऱ्याचे नाव. चिठ्ठी हरवली की जीवाश्म मुका होतो. आमचे शिक्षण बारावीपलीकडे गेले नाही. परंतु या नियमात जी नीती आहे ती समजण्यास पदवी लागत नाही. पुढे वाचावयास लागलो तेव्हा तिच्या म्हणण्याचे मोल अधिक कळले.

आपल्या इंदूरपासून धार दूर नाही. त्या जिल्ह्यात बागकडे पाडल्या नावाचे गाव आहे. तेथील लोक शेत खणताना सापडलेले गोल दगड काकड भैरव म्हणून पूजीत आले. शेताची आणि गुराढोरांची राखण करणारा हा देव. त्याला नारळ वाहतात. २०२३ साली लखनौच्या बीरबल साहनी संस्थेचे अभ्यासक तेथे गेले, तेव्हा हे दगड लांब मानेच्या, झाडपाला खाणाऱ्या टायटनोसॉर या महाकाय प्राण्यांची अंडी आहेत असे त्यांनी सांगितले. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका शोधनिबंधात धार जिल्ह्यातील ९२ घरट्यांची आणि २५६ अंड्यांची नोंद आहे. घरटी इतकी जवळजवळ होती की एवढ्या अवाढव्य मातांना त्यांमधून वावरता येणे कठीण. तेव्हा अंडी घालून त्या निघून जात असाव्यात, असा तर्क अभ्यासकांनी केला. हा तर्क एका अंड्यावरून होत नाही. अंडे जेथे होते तेथेच असले, तरच तो करता येतो.

येथे आम्ही थबकलो. भैरव म्हणून पुजले गेले नसते तर त्या अंड्यांचे काय झाले असते? नांगराने फुटली असती, कदाचित बांधाच्या दगडांत गेली असती. श्रद्धेने ती राखली. परंतु त्याच श्रद्धेने ती घरट्यातून उचलून शेताच्या कडेला नेली, आणि कोणते अंडे कोणाच्या शेजारी होते हे कायमचे पुसले गेले. राखण आणि विस्मरण एकाच हाताने घडले.

शास्त्राच्या घरीही सारे आलबेल नाही, हेही सांगितले पाहिजे. १८२८ साली जबलपूरजवळ स्लीमन याला (ठगांच्या बंदोबस्तामुळे आपणांस परिचित असलेला तोच) मोठी हाडे सापडली. त्यांवरून १८७७ मध्ये लिडेकर याने टायटनोसॉरस इंडिकस हे नाव दिले. पुढे ती हाडे कोठे गेली हे कोणासच सांगता येईना. अखेर २०१२ साली ती कोलकात्यास भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या संग्रहातच मिळाली. मेरी ॲनिंग हिची कथा तर अधिक बोचरी. १७९९ साली इंग्लंडच्या किनाऱ्यावरील लाइम रीजिस गावी एका सुताराच्या घरी ती जन्मली. वडील वारल्यावर कड्यांतून जीवाश्म काढून विकणे हाच संसाराचा आधार झाला. तिने काढलेले सागरी सरड्यांचे सांगाडे विद्वानांनी विकत घेतले, त्यांवर निबंध वाचले, आणि पुष्कळदा तिचे नाव घेतले नाही. १८४७ साली ती वारली. लंडनच्या भूशास्त्र मंडळाने स्त्रियांस सभासदत्व दिले ते १९१९ पासून.

तोच न्याय आपल्याकडेही लागू आहे. पुण्याजवळ वाघोलीच्या खाणींत कॅव्हनसाइट नावाचे गर्द निळे स्फटिक मिळतात. जगभरच्या संग्रहांत ते मानाने ठेवलेले असतात. काळ्या कातळातील पोकळीत हा निळा फुलोरा प्रथम ज्याच्या पहारीला दिसतो त्या खाणकामगाराचे नाव काचेमागच्या चिठ्ठीवर असते काय? तो न थांबता तर त्या स्फटिकांची रस्त्यासाठी खडी झाली असती.

म्हणून आमच्या बुद्धीला असे वाटू लागले आहे की ताम्हन की खण हा प्रश्नच अपुरा आहे. वस्तू उचलणाऱ्याने तिच्याबरोबर काय काय उचलले, हे आधी विचारावे. बीरबल साहनी यांनी आपल्या संस्थेसाठी कोनशिला करविली तीत निरनिराळ्या युगांचे जीवाश्म बसविलेले आहेत. ३ एप्रिल १९४९ रोजी पंडित नेहरूंनी ती बसविली आणि आठवड्यानेच, १० एप्रिलला, साहनी गेले. आपला संग्रह त्यांनी संस्थेला दिलेला होता आणि काम पत्नी सावित्रीबाईंनी पुढे चालविले, म्हणून तो संग्रह बोलता राहिला. मालक गेल्यावर ज्याची वाचा जात नाही, तो खरा संग्रह; आणि देवघराविषयी हेच म्हणता आले असते तर किती बरे झाले असते.

वडिलांनी मुलीला एकच विचारले, "नित्य पाणी घालशील काय?" ती म्हणाली, "वसतिगृहात राहते. नित्य घालीन असे वचन देत नाही." खोटे वचन दिले असते तर शाळिग्राम तिला मिळाला असता, आणि याचे आम्हांस आजही वाईट वाटते. वडील म्हणाले, तर मग तो येथेच राहू दे. तुझ्या घरी तुळस लागेल त्या दिवशी घेऊन जा. काका समाधानाने उठले. आम्हांस वडिलांचा निर्णय त्या वेळी पटला होता; आता पूर्ण पटतो असे म्हणवत नाही, आणि हे त्यांनाही सांगितले आहे. मुलीने त्या दुपारी ओवरीत बसून शाळिग्रामाचे माप घेतले, वजन केले, मुखाचे चित्र काढले आणि एक चिठ्ठी लिहून डब्याच्या झाकणाच्या आत चिकटवली. तीत आजीचे नाव आहे, त्यांच्या सासूबाईंचे आहे. "ठिकाण" या शब्दापुढील जागा कोरी आहे.

ती गेल्यावर आम्ही मंदिराचे कपाट उघडून पाहिले. आजवर निरनिराळ्या घरांतून आलेले एकोणीस शाळिग्राम तेथे एका परातीत आहेत. रोज त्यांस स्नान घडते, तुळस वाहिली जाते. कोणता कोणाच्या घरचा, हे आमच्या वडिलांस पाचांपुरतेच सांगता आले.

कार्तिकी द्वादशीपासून एक वही घातली आहे. ती गाभाऱ्याबाहेरील कोनाड्यात असते. ज्यांच्या घरचे देव मंदिरात आहेत त्यांनी येऊन आपला शाळिग्राम ओळखावा आणि आठवेल ते लिहावे: कोणी आणला, कोणत्या यात्रेतून, कोणत्या गावाहून निघून हे घराणे येथे आले. खात्री नसेल तेथे तसे लिहिण्यास संकोच नको. पहिली नोंद त्या आजींच्या शाळिग्रामाची आहे. काकांनी ग्वाल्हेरला आत्यांस पत्र घातले आहे, असे परवा कळले.