चेहरा बघून ऐकणं

शाळेच्या ग्रंथालयासाठी पुस्तकं निवडताना ‘फ्रँकेन्स्टाइन’ची चित्रकादंबरी समोर आली आणि एक शिक्षिका म्हणाल्या, “सगळं आयतं दाखवलं तर मुलांना भीती कशाची वाटणार?” तो प्रश्न डोक्यातून जाईना.

कॉमिकमुळे मुलं बिघडतात, ही तक्रार जुनी आहे. तिच्यापायी अमेरिकन प्रकाशकांनी १९५४ साली स्वतःवर आचारसंहिता लादून घेतली आणि रक्तपिपासू पिशाच्चांची हकालपट्टी केली. १९७१मध्ये ती पिशाच्चं परतली, तीही फ्रँकेन्स्टाइन, ड्रॅक्युला आणि भयकथाकार पो यांचं बोट धरून. शाळेत वाचले जाणारे लेखक असले की भूतही चालतं!

बाईंचा मुद्दा मात्र निराळा आहे आणि त्याला मीच आणखी बळ देऊ शकतो. मेरी शेलीच्या १८१८ सालच्या या कादंबरीत बघणं आणि ऐकणं यांचं सतत भांडण आहे. फ्रँकेन्स्टाइननं घडवलेल्या जिवाला जो बघतो, तो किंचाळतो, पळतो किंवा दगड भिरकावतो. त्याच्याशी मायेनं बोलतो तो आंधळा म्हातारा डी लेसी. त्याचा मुलगा फेलिक्स दारात येतो, बघतो आणि काठीनं झोडपतो. हिमनदीवर तर तो जीव आपल्या निर्मात्याचे डोळे स्वतःच्या हातांनी झाकतो. बघवत नसेन तर बघू नकोस, पण माझं ऐक, एवढीच त्याची विनवणी. गद्य वाचणारा डी लेसीच्या जागी असतो. चित्र काढलं की तो फेलिक्सच्या जागी जातो.

पण मग वॉल्टनचं काय? शेवटी जहाजावर हा कप्तान तो चेहरा बघतो, डोळे मिटतो, तरीही त्याला थांब म्हणतो आणि त्याचं ऐकून घेतो. न बघता दाखवलेली करुणा स्वस्त असते. वॉल्टनला ती महाग पडते. चित्रकादंबरी प्रत्येक वाचकाकडून तीच किंमत मागते. फटीतून डी लेसीच्या घरात डोकावणारा तो चेहरा, रात्री त्यांच्यासाठी गुपचूप सरपण आणणारा, डबक्यात स्वतःला बघून हादरणारा तो चेहरा चौकटीमागून चौकटीत समोर येतच राहतो. आरशाचा धसका घेतलेल्या चौदा वर्षांच्या मुलीला ते डबकं कुणी समजावून सांगावं लागत नाही.

म्हणूनच तो चेहरा खरोखर भेसूर हवा. १९३१च्या सिनेमातलं चपटं डोकं आणि मानेतले खिळे मुलांनी खेळण्यांवरही पाहिलेले असतात. त्यांना कोण भिणार? आणि त्याच्या बोलण्याला कात्री लागता कामा नये, नाहीतर उरतो नुसता चेहरा. ब्रिटनच्या क्लासिकल कॉमिक्सनं या कादंबरीच्या त्याच चित्रांवर दोन आवृत्त्या काढल्या: एकीत शेलीचे शब्द, दुसरीत सोपे, तोकडे संवाद. ग्रंथालयासाठी मी पहिलीच मागेन, मुलांना ती अवघड गेली तरी.